नवोन्मेष : एका शब्दाचा अर्थ

वर्तमानपत्रातील जाहिरातींपासून औषधांच्या दुकानापर्यंत ‘इनोव्हेशन’ हा शब्द आज सर्वत्र भेटतो. मराठीत त्यासाठी ‘नवोन्मेष’ हा शब्द योजला जातो. उन्मेष म्हणजे डोळे उघडणे. वाचकहो, ओळखीच्या गोष्टीकडे नव्याने पाहून ती गरजूंच्या उपयोगी पाडणे, असा अर्थ त्यात सामावलेला आहे.

१९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. ग्लुकोजच्या सोबतीने आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हे शास्त्राला तत्पूर्वीच ठाऊक होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आप्तांवर सोपविले. शेकडा वीस ते तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चारच्या खाली आले. शोध जुनाच होता. शुश्रूषा करणाऱ्या हातांवर टाकलेला विश्वास नवा होता.

त्याच प्रकारचे द्रावण आज ‘ओआरएस’ या नावाने घरोघरी परिचित आहे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. त्यामुळे जुलाब झाल्यास ज्येष्ठांच्या शरीरातील पाणी लवकर घटते. पाकिटावर दिलेल्या मापाइतक्याच, उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण पाकीट विरघळवावे, घोट घोट पाजावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती द्यावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ग्लानी आल्यास किंवा लघवी फार कमी झाल्यास रुग्णालय गाठण्यास विलंब करू नये.

घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूलाही हीच कसोटी लावावी. महागडे उपकरण कपाटात पडून राहिले, तर त्याचे नावीन्य व्यर्थ होय. उलट, पायरीच्या कडेला ओढलेला एक ठळक पट्टा आजींचा पाय चुकू देत नसेल, तर तो खराखुरा नवोन्मेष होय. म्हणून काही विकत आणण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांजवळ घटकाभर बसा आणि विचारा, ‘दिवसभरात तुम्हाला नेमके काय अवघड जाते?’ उपायाचा आरंभ बहुधा त्यांच्या उत्तरातच असतो.