पोरांना पाण्यात जाऊ द्या, पण आधी पोहायला शिकवा



आपल्या या समूहात पोळा, गोटमार, संत्र्याचे बगीचे, जामसावळीचा मारुती, जुने मास्तर, सगळ्यांवर लिहून झालं. आज जरा वेगळा विषय घेतो. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा आणि नाही पटलं तर स्पष्ट सांगा.

पांढुर्णा-सौंसरची आपली मुलं आता पुणे, नागपूर, बंगळूरला शिकतात, नोकऱ्या करतात. सुट्टी मिळाली की दहा-बारा जणांचा घोळका करून मालवण, गोवा, अंदमान गाठतात. नुसते किनाऱ्यावर भेळ खात बसत नाहीत. कयाक नावाच्या एकदोन माणसांच्या अरुंद होडीत बसतात, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत खाडीतून, समुद्रातून जातात, एखाद्या बेटावर नाहीतर निर्जन किनाऱ्यावर तंबू ठोकतात आणि दुसऱ्या दिवशी परततात. फोटो आपल्याला व्हॉट्सॲपवर येतात. आणि घराघरांत एकच वाद सुरू होतो, पाठवायचं की नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नाही म्हणू नका. पण डोळे मिटून होसुद्धा म्हणू नका.

आमच्याच घरातलं सांगतो. नात पुण्याला शिकते. मैत्रिणींसोबत मालवणकडे जायचं ठरलं, कयाक आणि एक रात्र तंबूत. फोन आला तशी तिची आजी म्हणाली, "अवो, आपल्या सात पिढ्यांनी समुद्र नाही पाह्यला. या पोट्टीले काय कमी पडून राह्यलं? पाण्याशी खेळ नको बाप्पा." मुलगा म्हणाला, जाऊ दे, सगळ्याच जातात. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटली. एकानं विचार न करता नाही म्हटलं, दुसऱ्यानं विचार न करता हो म्हटलं.

आता "आपला समुद्राशी काय संबंध" हे म्हणणं तपासू. आपल्या शेजारच्या मुलताईला तापी उगम पावते आणि सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. त्याच मुलताई तालुक्यात वर्धा उगम पावते, आणि तिचं पाणी वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत पूर्वेच्या समुद्रात जातं. म्हणजे आपल्या पठारावरचा पाऊस दोन्ही समुद्रांना जातो. आपणच तेवढे गेलो नाही.

आणि भित्रे म्हणाल तर आपण मुळीच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात आणि दगडांचा पाऊस पडतो. दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात, आजवर जीवही गेले आहेत. त्या नदीकाठी पोरगा उभा राहिला तर परंपरा म्हणतो, आणि तोच पोरगा जॅकेट घालून होडीत बसतो म्हटला तर जीव वर येतो. धोक्याची भीती आपल्याला नाही. अनोळखी धोक्याची आहे. ओळख करून घेतली तर निम्मी भीती जाते, आणि जी उरते ती उपयोगाची असते.

आता मुख्य मुद्दा. पाण्यापासून पोरांना लांब ठेवलं म्हणजे ती सुरक्षित राहिली, हा समज खोटा आहे. १४ सप्टेंबर २०२१ आठवा. आपल्या शेजारी वरुड तालुक्यात, झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच कुटुंबातली, नात्यागोत्यातली अकरा माणसं गेली. ती कुठल्या साहसी खेळाला गेली नव्हती. नातेवाइकाच्या दशक्रियेसाठी आली होती. त्याआधी जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा धरणात नाव उलटून आठ तरुण बुडाले. तेही सहलीला गेले होते, समुद्रात नव्हते. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघं दगावले, ती मात्र समुद्रातली. कोकणापेक्षा जवळची दोन पाणी आधी सांगितली ती मुद्दाम. दशक्रिया, लग्न, देवदर्शन, शेतावरची फेरी, कुठल्याही निमित्तानं माणूस पाण्याजवळ जातोच. त्या वेळी "आमच्या घरी पाण्याशी खेळू देत नाहीत" हे वाक्य कोणाला तरंगवत नाही.

आमच्या लहानपणी पोहणं शिकवायला वर्ग नव्हते. उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीवर मोठा भाऊ किंवा काका पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा आणि ढकलून द्यायचा. दोन उन्हाळ्यांत पोरगा तयार. मुली मात्र त्याच विहिरीवर पाणी भरायला आणि कपडे धुवायला जायच्या, पोहायला नाही. म्हणून आज आपल्या पिढीतल्या बहुतेक बायकांना पोहता येत नाही. मग बागांसाठी बोअर खोल खोल गेले, विहिरी आटल्या, काही बुजल्या. मुलांचीही शाळा बंद झाली. आजची पिढी ही पोहणं न येणारी पहिली पुरुषांची पिढी आहे, आणि आपण तिला सांभाळून वाढवलं असं समजतो.

या मुलांना कयाक शिकायला मिळत असेल तर ती संधी आहे, संकट नाही. कयाक मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी, सीलच्या शिकारीसाठी कातडं ताणून केलेली. ती उलटू शकते हे धरूनच ती वापरायची असते. म्हणून चांगला शिकवणारा पहिल्या तासाला किनाऱ्याजवळ मुद्दाम उलटवायला लावतो आणि परत चढायला शिकवतो. ज्यानं एकदा पडून परत चढून पाहिलं, तो पुढे घाबरून हातपाय झाडत नाही.

हे सगळं श्रीमंतांचं, शहरातलं, असं वाटत असेल तर आपल्याच राज्यातली प्राची यादव बघा. ग्वाल्हेरची मुलगी, पायांनी अपंग. आधी पोहायला शिकली, मग भोपाळच्या तलावावर कयाक चालवायला लागली. टोकियो पॅरालिम्पिकला गेलेली ती भारताची पहिली पॅराकनोइंग खेळाडू, आणि अंतिम फेरीपर्यंत पोचली. हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत २०२३ मध्ये तिनं कयाकमध्ये सुवर्णपदक घेतलं. क्रम लक्षात घ्या, आधी पोहणं, मग होडी. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यानं २०१५ मध्ये मुंबईहून गोव्यापर्यंत एकट्यानं कयाक नेली. पुढे गुजरातेतून कन्याकुमारीपर्यंत गेला, तेव्हा किनाऱ्याच्या रस्त्यानं सायकलवर साथ देणारी जोडीदार होती. म्हणजे इतका कसलेला माणूससुद्धा जमिनीवर कोणीतरी लक्ष ठेवणारं असावं असं मानतो. आपल्या पोरांनी ते का मानू नये?

आता "डोळे मिटून हो म्हणू नका" याचा अर्थ. बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे कागद बघितल्याशिवाय सही होत नाही. नातीला मी हेच म्हटलं, बाई, परवानगी मिळेल, पण सहल नेणाऱ्याला पाच गोष्टी विचारून ये.

पहिली, किती जणांमागे किती शिकवणारे? जत्थ्याचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा असतो. शेगावला पायी जाणाऱ्या दिंडीत हे आपण पाळतो, कोणाला मागे सोडत नाही. पाण्यात तर ते जास्तच पाळावं लागतं. पुढे एक आणि सगळ्यात मागे एक जाणता माणूस हवा, आणि सुटताना, उतरताना डोकी मोजायला हवीत.

दुसरी, लाइफ जॅकेट अंगात असणार की होडीत ठेवलेलं? मापाचं आहे का, सगळे पट्टे आवळले जातात का? पोहता येणाऱ्यानंही ते काढायचं नाही.

तिसरी, वेळ कोणती आणि ती कशावरून ठरवली? शाळेत आपण खारे वारे, मतलई वारे पाठ केले आणि विसरलो. रात्री आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, दुपारी समुद्रावरून जमिनीकडे जोरानं येतो आणि पाणी खवळतं. पहाटेचं पाणी शांत दिसतं, पण तोच वारा हलकी होडी अलगद बाहेर नेतो, हे नवख्याला कळत नाही. भरती-ओहोटी रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. कोकणातला जुना हिशोब असा आहे की तिथीला पाऊणनं गुणायचं, म्हणजे भरतीची अंदाजे वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वा अकरा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयातही एवढं निघतं. अर्थात सहल नेणाऱ्यानं अंदाजावर नाही, छापील भरतीपत्रकावर चालावं. आणि पावसाळ्याचं तर नावच काढू नये. १ जून ते ३१ जुलै कोळी मासेमारी बंद ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करूनच खऱ्या अर्थानं निघतात. जो समुद्रावर जगतो तो थांबतो, मग आपल्या सहलीला कसली घाई?

चौथी, बेटावर रात्री कोणाला बरं नाहीसं झालं तर? फोनला रेंज आहे का, इंजिनची बोट किती वेळात येते, जवळचा दवाखाना कुठे, प्यायचं पाणी किती? तंबू टाकायला परवानगी घेतली आहे का? तंबूची जागा भरतीच्या रेषेच्या वर आहे का?

पाचवी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कोणी विचारत नाही. वारा वाढला म्हणून सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतात का? हा मला हिशोबाचा नाही, जिवाचा प्रश्न वाटतो. रद्द केल्यावर नेणाऱ्याचं सगळं बुडत असेल तर तो खराब समुद्रातही होडी काढेल. आणि पैसे परत मिळणारच नसतील तर पोरंसुद्धा म्हणतील, आलोच आहोत तर जाऊया. ज्या व्यवहारात थांबणं तोट्याचं असतं, त्या व्यवहारात कोणी थांबत नाही. म्हणून दुसरी तारीख किंवा परतावा लेखी देणाऱ्याकडेच जावं, चार पैसे जास्त लागले तरी चालेल. सगळ्यात स्वस्त दर जो देतो, तो कुठेतरी माणूस किंवा सामान कमी करतो.

कोकण लांब वाटत असेल तर जवळही सोय आहे. इटारसीहून खंडव्याकडे गेलं की नर्मदेवरच्या इंदिरा सागर जलाशयाकाठी हनुवंतिया आहे. २०१६ पासून तिथं जलमहोत्सव भरतो, तंबू लागतात, पाण्यातले खेळ होतात. पण मुलांना तिथं नेताना एक गोष्ट सांगा. त्या पाण्यात दिसणारी बेटं म्हणजे जुन्या टेकड्यांचे माथे आहेत. खाली २००४ साली रिकामं केलेलं हरसूद आहे, शेकडो गावांची शेतं आहेत. कोणाच्या तरी घरावरच्या पाण्यात आपण मजा करतो आहोत, एवढं कळलं तर तिथं प्लॅस्टिक टाकताना हात थांबेल. मालवणच्या कोळ्यांच्या जाळ्यावरून होडी नेतानाही थांबेल.

शेवटी आपल्या गावाबद्दल. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा झाल्यावर आपण कार्यालयं मागतो, रस्ते मागतो, दवाखाना मागतो, ते बरोबरच आहे. त्या यादीत आणखी एक ओळ घाला. पांढुर्ण्यात आणि सौंसरमध्ये शाळेच्या मुलांना परवडेल असा, शिकवणारा माणूस असलेला पोहण्याचा तलाव, आणि त्यात मुलींसाठी, बायकांसाठी रोज वेगळी वेळ. ते होईपर्यंत ज्यांची मुलं-नातवंडं नागपूर-पुण्यात आहेत, त्यांनी या उन्हाळ्यात सहलीच्या आधी पोहण्याच्या वर्गाची फी भरावी. मोबाइलपेक्षा ती स्वस्त आहे आणि जन्मभर पुरते.

आमच्या नातीनं पाचपैकी चार उत्तरं आणली. पाचव्याला नेणारा म्हणाला, पैसे परत देत नाही. पोरींनी त्याला सोडून दुसरा शोधला आणि तारीख महिनाभर पुढे ढकलली. तेवढ्यात ती पोहण्याच्या वर्गाला जाते आहे. आजीची कुरकुर चालूच आहे, पण परवा तिनंच फोनवर विचारलं, "काहो पोरी, आता डोकं पाण्याखाली घालता येते का तुले?"

तुमच्या घरात काय ठरतं, आणि तुमच्यापैकी किती जणींना पोहता येतं, जरूर कळवा.