चेहरा नटाचा, तक्रार आमच्याकडे

जपानमध्ये १९७० साली हॉलीवूडचा नट चार्ल्स ब्रॉन्सन 'मँडम' या पुरुषांच्या प्रसाधनाच्या जाहिरातीत झळकला. माल इतका खपला की १९७१ मध्ये कंपनीने स्वतःचे नावच मँडम केले! आपल्याकडे गावसकरांनी दिनेश सूटिंगची, नवाब पतौडींनी ग्वालियर सूटिंगची जाहिरात केली. आमची हरकत नाही. गिऱ्हाईक नाव घेऊनच दुकानात येते. पण कापडाचा रंग उतरला की प्रताप नगरातले गिऱ्हाईक आमच्याच गादीसमोर उभे राहते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीसाठी नटालाही १० लाखांपर्यंत दंड ठेवला, हे बरे झाले. मात्र दाव्याची पडताळणी केल्याचे दाखवले तर तो सुटतो. तेव्हा व्यापारी बंधूंनी पक्क्या रंगाची हमी कंपनीकडून बिलावरच लिहून घ्यावी.