मनात आणलं की मूठ मिटेल? पक्षाघातानंतर हात सावरणारं तंत्रज्ञान, सोप्या भाषेत

'विचारांवर चालणारा हात' असा एखादा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. घरात कुणाला पक्षाघात झाला असेल, तर लगेच प्रश्न पडतो: आपल्या माणसाला याचा उपयोग होईल का?

हे चालतं कसं?

पक्षाघातात बिघाड हाताच्या स्नायूंमध्ये नसतो, तर त्यांना आदेश देणाऱ्या मेंदूत असतो. म्हणून या उपचारात रुग्णाच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालतात. त्याने मूठ मिटायचा प्रयत्न केला की मेंदूतले विद्युत संकेत बदलतात. संगणक ते ओळखतो आणि हाताला बांधलेलं यंत्र त्याच वेळी बोटं मिटवतं. प्रयत्न आणि हालचाल अशी वारंवार जुळली, की मेंदूला नवे मार्ग तयार करायला मदत होते. यासाठी न्यूरालिंकसारखी चिप डोक्यात बसवावी लागत नाही.

भारतात काय चाललंय?

आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आशिष दत्ता यांच्या टीमने सुमारे १५ वर्षांच्या कामातून असं यंत्र बनवलंय. जानेवारी २०२५ मध्ये संस्थेने त्याची माहिती दिली. प्राथमिक चाचणीत भारत आणि ब्रिटनमधले मिळून ८ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांनी त्यांची प्रगती थांबली होती. ते पूर्ण बरे झाले, असं संस्थेचं म्हणणं आहे. यंत्र बाजारात यायला ३ ते ५ वर्षं लागतील, असा अंदाज तेव्हा दिला होता.

अमेरिकेत 'इप्सीहँड' या उपकरणाला एफडीएने एप्रिल २०२१ मध्येच परवानगी दिली. ते मेंदूच्या शाबूत बाजूचे संकेत वापरतं. पण त्यामागची चाचणीही ४० रुग्णांचीच होती.

मग नवी मुंबईतल्या कुटुंबाने काय करायचं?

आकडे आशादायक आहेत, पण लहान आहेत. ८ जणांवरून सगळ्यांबद्दल सांगता येत नाही. त्यामुळे 'मशीन येईल' म्हणून फिजिओथेरपी थांबवू नका. वाशी असो वा पनवेल, कुणी असा उपचार सुचवला तर तीन गोष्टी विचारा: यंत्राला भारतात परवानगी आहे का? ही चाचणी आहे की नेहमीचा उपचार? चाचणी असेल, तर पैसे कसले?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडं बोलणं यातलं काहीही अचानक दिसलं, तर १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. वेळेत मिळालं, तर कदाचित या टोपीची गरजच पडणार नाही.