लेकाकडं चाललात? गाडीची किल्ली हातात घेण्याआधी हे वाचा

मागच्या आठवड्यात इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटच्या कामानं आरटीओत गेलो होतो. रांगेत माझ्या पुढं एक पोट्टा होता. बी.ई. झालेला, एमएस करायला अमेरिकेत चाललेला. सोबत वडील, परतवाड्याकडचे, संत्र्याचा बगिचा असलेले. मी सहज विचारलं, "गाडी चालवतं ना बाबू?" तो नुसता हसला. वडीलच म्हणाले, "लायसन काढून दोन वर्सं झाले ना जी. गाडी तं आपल्याकडं ड्रायव्हरच चालवते. तिकडं गेला की शिकून घेईन तो."

म्हणजे ज्याला राजकमल चौकातून गाडी काढता येत नाही, त्याच्या हातात परदेशात गाडी चालवायचा कागद येणार. आणि हे बेकायदा मुळीच नाही, बरं का. परमिटसाठी वेगळी ट्रायल नसते. चालू लायसन, पासपोर्ट, फॉर्म ४-अ आणि १००० रुपये फी. व्हिसा आणि मेडिकल सर्टिफिकेटची अट तर २०२१ मध्येच काढून टाकली. परमिट एक वर्ष चालतं. मुळात ते १९४९ च्या जिनिव्हा करारातलं कागदपत्र आहे, आपल्या लायसनवर काय लिहिलंय ते तिकडच्या माणसाला कळावं म्हणून. त्यामुळं सोबत मूळ लायसन नसेल तर ते नुसतं पुस्तक. "दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन घरपोच" अशा जाहिराती मोबाईलवर दिसतात, तिथं पैसे घालू नका. अन् परदेशात असताना परमिटची मुदत संपली तर भारतीय दूतावासामार्फत अर्ज करता येतो.

कागदाचं एवढंच. खरी गोष्ट सवयीची आहे, आणि ती मला स्वतःच्या फजितीतून कळली.

२०२३ मध्ये आम्ही दोघं लेकाकडं कॅलिफोर्नियात गेलो होतो. मी तीस वर्षांपासून गाडी चालवतो. एमएच-२७ च्या मारुती ८०० पासून सुरुवात, अमरावती-अकोला तर डोळे मिटून. लेक म्हणाला, "बाबा, आधी थोडं बाजूला बसून पाहा." मी कशाला ऐकतो! चौथ्या दिवशी सकाळी गाडी घेतली, लेक बाजूला. कॉलनीतला रस्ता, चिटपाखरू नाही. चौकात लाल अष्टकोनी पाटी, स्टॉप. मी वेग कमी केला, इकडंतिकडं पाहिलं अन् काढली गाडी. मिनिटभरात मागं लाल-निळे दिवे.

उजवीकडं घेऊन थांबलो. इथवर बरोबर. मग पट्टा काढला, दार उघडलं आणि उतरून सरळ पोलिसाकडं चालायला लागलो. पंचवटी चौकात आपण हेच करतो ना? उतरायचं, "साहेब, काय झालं?" म्हणायचं, त्यात नम्रपणा आहे असं आपल्याला वाटतं. वरून माझा हात खिशात, लायसन काढायला. तो पोलिस जागीच थांबला, त्याचा हात कमरेला गेला, अन् तो मोठ्यानं काहीतरी ओरडला. मला एक शब्द कळला नाही. गाडीतून लेक ओरडला, "बाबा, हात वर! हात दिसू द्या!" लेकाचा तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

पुढं काही झालं नाही. त्यानं मला आत बसवलं, लायसन-परमिट पाहिलं, चिठ्ठी फाडली. दंड दोनशे डॉलरच्या वर गेला. त्या देशात बंदूक कोणाहीजवळ असू शकते, म्हणून पोलिसाला प्रत्येक खिशाची भीती. तिथं गाडी बाजूला घ्यायची, आतच बसायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, आणि कागद काढण्याआधी "काढतो" म्हणून सांगायचं. पैशाचा विषय तर तोंडातूनही काढायचा नाही, तो वेगळाच गुन्हा होतो. हे मला जाण्याआधी इथं कोणीच सांगितलं नव्हतं. बॅगेत लोणचं किती न्यावं हे मात्र दहा जणांनी सांगितलं.

स्टॉप म्हणजे चाक पूर्ण थांबलं पाहिजे, रस्ता रिकामा असो की भरलेला. चारही बाजूंनी स्टॉप असेल तर जो आधी आला तो आधी निघतो. तिकडचेही लोक अर्धवट थांबून निघतात, त्याला "कॅलिफोर्निया स्टॉप" असं नावच आहे, पण दंड त्यांनाही होतो. पिवळी स्कूल बस लाल दिवे लावून थांबली की मागच्यांनी तर थांबायचंच, साध्या दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. आपण शाळेच्या ऑटोला हॉर्न मारून पुढं जातो.

डावं-उजवं हा प्रकार गर्दीत त्रास देत नाही, पुढच्या गाडीच्या मागं जाता येतं. घात होतो रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून किंवा पार्किंगमधून बाहेर पडताना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या क्रॉटन इथं एक अमेरिकन बाई हवाई तळातून बाहेर पडली आणि चुकीच्या बाजूनं गाडी चालवत राहिली. १९ वर्षांचा मोटरसायकलवाला पोरगा गेला. ती काही नवशिकी नव्हती, फक्त त्या देशात येऊन तिला थोडेच आठवडे झाले होते. माझं म्हणाल तर पहिले चार दिवस इंडिकेटर द्यायला गेलो की वायपर सुरू व्हायचे. हात इतकी वर्षं जे करत आला तेच करतो.

दुसऱ्या देशांचे नियम दुसरे. जर्मनीत ऑटोबानवर डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी, आणि तिथं पेट्रोल संपून गाडी थांबली तरी दंड. दुबईत नोकरीला जाणाऱ्याला रेसिडेन्स व्हिसा लागला की तिथलंच लायसन काढावं लागतं, आणि एक घोट घेऊन गाडी चालवणंही चालत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, म्हणून विद्यार्थ्यांनी पोचल्यावर तिथल्या राज्याचंच लायसन काढावं. आणि विमा! लेकाच्या पॉलिसीत पाहुण्यानं गाडी चालवलेली चालते का, हे कंपनीला आधी विचारा. समोरच्या माणसाच्या दवाखान्याचं बिल लेकाच्या अंगावर आलं तर इथलं वावर विकूनही पुरणार नाही.

आता माझं म्हणणं. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, कतारचा विक्रम मोडून गिनीजमध्ये नाव गेलं. रस्ता खरंच परदेशासारखा झाला. पण त्याच रस्त्यावर धाब्यावरून निघालेला ट्रॅक्टर आजही उलट्या बाजूनं येतो, आणि आपण लाईट मारून त्याला वाट देतो. त्या सवयीवर परमिटचा शिक्का बसतो. अमरावती आणि अकोल्याच्या आरटीओनं परमिटसोबत मराठीत एक पानभर सूचना द्यावी, आणि शक्य असेल तर महिन्यातून एकदा तासभर माहिती द्यावी. तिकडं राहून आलेली माणसं आपल्या दोन्ही शहरांत भरपूर आहेत, फुकट येतील. मी तर येतोच. आणि आईबापांनो, पोराच्या कोचिंगवर, अर्जांवर लाखांनी खर्च करता, मग जायच्या आधी महिनाभर त्याला खरोखरची गाडी शिकवा. नाहीतर तिथं बसनं फिरू द्या.

त्या पोट्ट्याला मी नंबर दिला होता. वाटलं नव्हतं, पण आला. तीन दिवस झाले, सकाळी सहाला बडनेरा रोडवर त्याला एकच शिकवतो आहे, झेब्रा पट्ट्यांच्या आधी चाक पूर्ण थांबवायचं, तीन मोजायचे, मग निघायचं. पहिल्याच दिवशी मागच्या ऑटोवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "काऊन बे, पेट्रोल सरलं काय?"