घेणाऱ्याचे खाते नावे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक नियम पाठ करावा लागतो : लाभ घेणाऱ्याचे खाते नावे, लाभ देणाऱ्याचे खाते जमा. घेणारा कोण हे लिहिल्याशिवाय खतावणी पुरी होत नाही. किराणा दुकानाच्या वहीला लागू असलेला हा नियम सरकारी तिजोरीलाही लागू असावा, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

सरकार शेतकऱ्याला जे पैसे देते त्याला आपण अनुदान म्हणतो. कन्नड विभागातील आमचे मित्र सहायधन म्हणतात. आपली कर्जमाफी त्यांच्याकडे ‘साल मन्ना’ होते. शब्द वेगळे, पैसा मात्र दोन्हीकडे जनतेचाच. यातील मोठी रोख योजना म्हणजे फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान किसान सन्मान निधी. तीत शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यात आणखी ६,००० घातले. मध्य प्रदेशही आपली भर घालतो. आयकर भरणारे, वरच्या श्रेणीतील सरकारी नोकर, डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांना मात्र हा निधी नाही. म्हणजे ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये कचेरी थाटलेल्या एखाद्या लेखापालाची गावाकडे जमीन असली, तरी त्याला हे पैसे घेता येत नाहीत. पण त्याने घेतलेच, तर कळणार कोणाला?

हा प्रश्न काल्पनिक नाही. जुलै २०२० पर्यंत २०.४८ लाख अपात्र व्यक्तींना सुमारे १,३६४ कोटी रुपये गेले, हे केंद्र सरकारनेच माहिती अधिकारातील एका अर्जाच्या उत्तरात सांगितले. त्यांतील निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. पंजाब आणि आसाम यांच्या खालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक लागला. आपले अपात्र लाभार्थी २.८६ लाख. आयकराची वही सरकारची, निधीची वहीही सरकारचीच. दोहोंचा मेळ मात्र वेळेवर घातला गेला नाही.

वास्तविक २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की, अनुदान योजनांतील रकमा व लाभार्थींचा तपशील कोणी मागण्याची वाट न पाहता जाहीर करावा. यावर आक्षेप असा की, गरिबाचे नाव चव्हाट्यावर का मांडावे? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्ये शेती-अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावे सरसकट छापणे रद्द ठरवले. २०१३ मध्ये नवा नियम आला : मोठ्या रकमा घेणाऱ्यांची नावे जाहीर, अगदी लहानांची झाकलेली. ती मर्यादा १,२५० युरोपर्यंत, म्हणजे आजच्या भावाने एक लाख रुपयांहून अधिक होती. त्या मापाने आपला ६,००० वाला शेतकरी झाकलाच जाईल.

तरीही मला वाटते की आपल्याकडे नावे उघड असावीत. १,३६४ कोटींची गळती दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनीच झाली. शिवाय जमीन कोणाची, ती कसतो कोण आणि शहरात नोकरी कोण करतो, हे दिल्लीच्या संगणकाआधी गावाला ठाऊक असते. मात्र यादीत नाव, गाव आणि मिळालेले हप्ते एवढेच असावे. खाते क्रमांक, आधार क्रमांक, दूरध्वनी कदापि नको. ज्यांना वगळले त्यांची नावे आणि कारणेही तिच्यात हवीत, कारण पात्र असून वंचित राहिलेल्याचे नुकसान अपात्राने घेतलेल्या पैशाइतकेच खरे असते. आणि ही यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून नसते, म्हणून तो या यादीत येतच नाही. निदान ती वाचताना ही उणीव सर्वांच्या कानांवर पडेल.

या योजनेची गाववार यादी आज संगणकावर पाहता येते. सुट्टीत गावी जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने ती उघडावी आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी. हिशेब तपासायला आपण शिकतो आहोत. सुरुवात आपल्याच गावापासून करायला काय हरकत आहे?