मेडिकलवाल्यांनी नवी सुई नाकारू नये



आजचा विषय मासळीचा नाही, पण ताप्तीच्या पाण्यात अनवाणी उतरणाऱ्या प्रत्येकाचा आहे. सुईनं नशा करणाऱ्या पोरांना मेडिकलमधून नवी सिरिंज मिळावी की नाही? आपल्यातले बरेच जण पटकन म्हणतील, "अजिबात नको, उलट पोलिसांत द्या." आम्हाला मात्र वाटतं, मिळाली पाहिजे. का ते सांगतो, पटतंय का बघा.

नशेची तलब लागलेला माणूस दुकानदारानं नाही म्हटलं म्हणून घरी जाऊन झोपत नाही. तो दुसऱ्याची वापरलेली सुई घेतो. एका सुईवर तिघं-चौघं. त्यातून एचआयव्ही जातो, हेपॅटायटिस बी आणि सी जातो. हेपॅटायटिस सीचा विषाणू तर वापरलेल्या सिरिंजमध्ये कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. सरकारच्याच २०१७ च्या पाहणीत सुईनं नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ६.२६ टक्के निघालं. त्याच वर्षी देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते ०.२२ टक्क्यांच्या आसपास होतं. आणि ही पोरं काही जगापासून तुटलेली नाहीत. कुणाची बायको आहे, कुणाचं होऊ घातलेलं बाळ आहे. आजार घरात येतो.

विलायतेतला एक दाखला ऐका. स्कॉटलंडमधलं एडिंबरा हे बंदराचं शहर. १९८० च्या दशकात तिथं हेरॉइन शिरलं. दुकानदारांनी सिरिंज देणं जवळजवळ बंद केलं, पोलीस सापडेल ती सुई जप्त करू लागले. नशा थांबली नाही, सुया वाटून घेणं वाढलं. १९८६ मध्ये तिथल्या एका दवाखान्यानं तपासलेल्या हेरॉइन घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना एचआयव्ही निघाला. फ्रान्सनं १९८७ मध्ये उलटा रस्ता धरला आणि औषध दुकानांत सिरिंज खुली केली. आपल्याकडं पंजाबात २०१८ मध्ये काही जिल्ह्यांनी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सिरिंज विकायला बंदी घातली होती. आजार वाढेल अशी ओरड झाली आणि आदेश मागं घ्यावे लागले.

"म्हणजे तुम्ही नशेला उत्तेजन देता?" असं कुणी विचारेल. नावेत लाइफ जॅकेट ठेवलं म्हणून कुणी बुडायला निघत नाही, बाबांनो. पूर आला तर जीव वाचावा म्हणून ते ठेवतो. नवी सुई तशीच. पोरगं आज ना उद्या नशा सोडेल, पण तोवर जगलं तर पाहिजे.

कायद्याची भीतीही थोडी बाजूला ठेवू. साध्या डिस्पोजेबल सिरिंजला चिठ्ठी लागतेच असा देशभराचा नियम नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं २२ वं कलम सांगतं, की संसर्ग रोखायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निर्जंतुक सुया पुरवणं हा गुन्हा नाही. सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात तर संस्थांमार्फत सुया वाटल्याच जातात. पण जिथं असं केंद्र जवळ नाही तिथं नाक्यावरचं मेडिकलच कामाला येतं. रात्री तेच उघडं असतं.

मेडिकलवाल्या भावांनी कडक राहावं, जरूर राहावं, पण औषधांच्या बाबतीत. शेड्यूल एच-१ मधली नशेची औषधं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, नोंद चोख ठेवावी. चार पैसे जास्त मिळतात म्हणून औषध द्यायचं आणि सुई मागितली की हाकलायचं, हा उलटा न्याय झाला.

आता आपल्या पायाचं. उघड्यावर टाकलेली सुई जाळं ओढणाऱ्याच्या तळव्यात घुसते, काठावर खेळणाऱ्या लेकराच्या हातात येते. म्हणून नवी सुई देताना जुनी परत घेण्याची सोयही हवी. जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा घाटाजवळ आणि मेडिकलमध्ये ठेवावा, आणि तो दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर उचलला जावा, अशी आमची नगर निगमकडं मागणी आहे.

तरीही कुणाला सुई टोचलीच, तर जखम दाबू-पिळू नका, तोंडानं चोखू नका. साबण-पाण्यानं धुवा आणि तडक जिल्हा रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळायची गोळी ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यावी लागते. "उद्या बघू" म्हणू नका.

आणि ज्यांच्या घरात असं पोरगं आहे त्यांना हात जोडून सांगतो: लपवू नका, मारू नका. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ हे सरकारी नंबर आहेत. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमात खटल्यापासून सूट आहे. हेपॅटायटिस सीवर सरकारी दवाखान्यात २०१८ पासून मोफत उपचार मिळतो, आणि तो बरा होतो.

पुरात वाहून चाललेल्याला दोर टाकताना आपण त्याची जात विचारत नाही, तो पाण्यात का गेला हेही विचारत नाही. आधी बाहेर काढतो. पुढच्या बैठकीत डब्याच्या मागणीचा अर्ज ठेवणार आहोत. सह्या करायला या, आणि तुमचं मत वेगळं असेल तर तेही तिथंच मोकळेपणानं बोला.