शब्दसीमा : काशीची आणि यंत्राची

जुन्या मराठी ग्रंथांच्या संगणकीय आवृत्त्या सिद्ध करताना स्थलनामे एकरूप करण्याचा मोह संपादकास सहज होतो. 'काशी' व 'बनारस' काढून सर्वत्र 'वाराणसी' (शासकीय दृष्ट्या हे नाव २४ मे १९५६ पासूनचे) घालावे, अशी आज्ञा यंत्राला एका ओळीत देता येते. ती आज्ञा केवळ अक्षरमालिका पाहणारी असेल, तर 'बनारसी' शालूच्या अंती दोन वेलांट्या लागतात आणि 'आकाशी' रंग 'आवाराणसी' होतो. म्हणून पूर्ण शब्द तेवढाच बदलावा, असा उपाय सांगितला जातो. परंतु मराठीत पूर्ण शब्द कशास म्हणावे?

हिंदीत 'काशी में' लिहिताना परसर्ग वेगळा राहतो. तेथे हा उपाय बहुतांशी निभावतो. मराठीत 'काशीत', 'काशीस', 'काशीहून' ही सर्व जोडून लिहिली जातात, आणि 'पुणे'चे 'पुण्याहून' होताना तर मूळ अंगच पालटते. पाणिनीच्या व्यवस्थेत पद म्हणजे प्रत्ययान्त रूप. प्रातिपदिक ही निराळी संज्ञा. संपादकास बदलावयाचे असते प्रातिपदिक आणि यंत्र शोधते पद. ज्या नगरीत भट्टोजी दीक्षितांची 'सिद्धान्तकौमुदी' झाली आणि नागेशभट्ट काळे यांनी तिच्यावर 'लघुशब्देन्दुशेखर' लिहिला, तिच्याच नावावर हा घोटाळा व्हावा, हे काहीसे मौजेचे आहे.

यंत्राची शब्दसीमाही निर्दोष नाही. पायथन भाषेच्या अंगभूत शोधसंचात मात्रा व वेलांटी ही शब्दघटक चिन्हे मानली जात नाहीत. परिणामी 'पूर्ण शब्द काशी' असा शोध घेतल्यास पुढे मोकळी जागा असलेला 'काशी' सापडत नाही, आणि 'काशीत' मात्र सापडतो; कारण वेलांटी आणि 'त' यांच्यामध्ये यंत्रास सीमा दिसते! स्वरचिन्हांना शब्दाचा भाग मानावे, अशी युनिकोडच्या मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे आणि ती पाळणारे अन्य संच उपलब्धही आहेत. दोष लिपीचा नव्हे. केवळ रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या व्याख्येचा आहे.

तरीही तांत्रिक दुरुस्तीने प्रश्न मिटेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मुंजीत काशीला निघालेला बटू वाराणसीला निघत नाही. एकनाथांनी भागवतटीका १५७३ मध्ये या क्षेत्री पूर्ण केली आणि समाप्तीच्या ओव्यांत 'वाराणसी' हेच नाव योजले. म्हणजे नवे समजले जाणारे नाव तेथे जुनेच आहे. उलट मंडुआडीह स्थानकास २०२१ मध्ये 'बनारस' हे नाव मिळाले. तेव्हा संहितेतील नाव आहे तसेच ठेवावे, शोधासाठी पर्यायनामांची स्वतंत्र सूची जोडावी, आणि बदल अटळच असेल तर विभक्तिरूपांची यादी करून प्रत्येक स्थळ संपादकाने स्वतः पाहावे. यास वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. पाठचिकित्सेस तो नेहमीच लागत आला आहे.